परत गेलेल्यांची वही

आमच्या दवाखान्यात लस संपलेली असली की काका खुर्चीतून उठून उभे राहायचे. लस असली की सगळं बसून चालायचं. 'आहे, बसा, कार्ड काढा' हे बसूनच. पण 'नाही' म्हणायचं असलं तर आधी दोन्ही हात टेबलावर टेकायचे, उजवा पाय जरा बाहेर काढायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं आणि उभं राहायचं. मग समोरच्या बाईला सांगायचं, "आज लस शिल्लक नाही. कधी येईल ते मला ठाऊक नाही. तुमचं नाव लिहून घेतो." एवढं झालं की पुन्हा तसंच हळूहळू खाली बसायचं. त्यांचा उजवा खुबा पार झिजलेला होता. लस नसलेल्या दिवशी त्यांना तीस-चाळीस वेळा तरी उठावं लागायचं.

मी नवीन असताना एकदा म्हटलं, "काका, नाहीच म्हणायचंय ना? मग बसून म्हणा की."

"सिस्टर, तिकडे दिल्लीत मंत्रीसुद्धा उत्तर द्यायला उभा राहतो. आपण काय मंत्र्यापेक्षा मोठे?"

मला वाटलं गंमत करतायत. पुढची नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली, तेव्हा कळलं की हा माणूस गंमत करत नाही. करतो तेव्हा ती त्याला स्वतःला कळत नाही.

काका आमच्या दवाखान्याचे फार्मासिस्ट. दवाखाना भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका ट्रस्टचा. डॉक्टर सकाळी दोन तास यायचे. बाकी दिवसभर काका आणि मी. सरकारकडून लहान मुलांच्या लसी पेटीतून यायच्या, त्या टोचायचं काम माझं आणि सांभाळायचं काम त्यांचं. मूळ गाव रोह्याच्या बाजूला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गावी एक पुतण्या. राहायला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एक खोली, पण त्यांच्या पायाने वीस मिनिटं लागायची आणि रिक्षा ते करत नसत. दिल्ली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

पण संसदेचं अधिवेशन सुरू झालं की सकाळी अकरा ते बारा त्यांचा मोबाइल स्पिरिटच्या बाटलीला टेकवून उभा. लोक क्रिकेटची मॅच बघतात तसा हे प्रश्नोत्तराचा तास बघायचे. गोळ्या मोजता मोजता मध्येच "हां, आता सापडला" असं म्हणायचे, आणि खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस दचकायचा. तारांकित प्रश्न म्हणजे काय, अतारांकित म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. ज्या प्रश्नाला तारा असतो त्याला मंत्री सभागृहात उभा राहून तोंडी उत्तर देतो, आणि त्यावर पुढे पुरवणी प्रश्न विचारता येतो. बिनताऱ्याच्या प्रश्नाला नुसता छापील कागद मिळतो. काकांच्या मते सगळी गंमत त्या पुरवणी प्रश्नात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अधिकारी लिहून देतात, दुसऱ्याचं माणसाला स्वतः द्यावं लागतं.

हे त्यांनी दवाखान्यातही लागू केलं होतं. एकदा एक रिक्षावाला लेकीला लस द्यायला घेऊन आला. "चाचा, टीका है क्या?" काका उठले. "नहीं है." तो वळला तशी काकांनी त्याला हाक मारली, "अरे भाई, रुको. आगे पूछो ना. कब आयेगा, क्यों नहीं आया, हमारा नंबर कितना. ऐसे कैसे चले गये?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "आप ही पूछ लो, चाचा. मेरी गाडी बीच में खडी है."

"उत्तर मिळालं. माहिती मिळाली का?" हे त्यांचं पालुपद होतं. पुतण्याचा फोन आला की बोलून झाल्यावर मला सांगायचे, "सगळं ठीक आहे म्हणतो. उत्तर मिळालं. माहिती नाही मिळाली."

लसीच्या फ्रीजवरून त्यांची सगळ्यांशी भांडणं झाली. त्या फ्रीजमध्ये लसीशिवाय काही ठेवायचं नाही हा नियम आहे, आणि तो पाळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. फ्रीज उघडायच्या आधी काय काढणार ते मोठ्याने सांगायचं. सांगितल्याशिवाय हात लावला तर काका दारासमोर पाय आडवा टाकायचे, तोही दुखरा, म्हणजे कोणी ढकलू नये. एका गुढीपाडव्याला ट्रस्टच्या शेठनी श्रीखंडाचा डबा आत ठेवला. काकांनी तो बाहेर काढला, औषधांच्या पावत्यांच्या चळतीवर ठेवला आणि तापमानाच्या तक्त्यात त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं, 'श्रीखंड, एक किलो, पंचवीस मिनिटे'. संध्याकाळपर्यंत श्रीखंडाचं जे व्हायचं ते झालं. शेठ मला म्हणाले, "बेन, आ माणस गांडो छे." वेडा आहे म्हणून. मी हो म्हटलं, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

आता वहीबद्दल.

सरकारी रजिस्टरात किती लसी आल्या, किती टोचल्या, किती वाया गेल्या, या सगळ्याला रकाने असतात. जो आला आणि लस नाही म्हणून परत गेला त्याला रकाना नसतो. काकांना हे फार लागायचं. म्हणून त्यांनी स्वतः एक लांबट वही आखली होती. नाव, गाव, कशासाठी आले, का परत गेले, काम कधी झालं. परत जाणारं प्रत्येक मूल त्यात लिहिलं जायचं, आईच्या फोन नंबरासकट. लस आली की काका चष्मा लावून वहीतून एकेकाला फोन करायचे, ज्या क्रमाने परत गेले त्याच क्रमाने. मूल येऊन लस घेऊन गेलं की शेवटच्या रकान्यात तारीख आणि लाल बरोबरची खूण. रकाना मोकळा राहिला की त्यांना चैन पडत नसे. उत्तनकडची एक कोळीण होती, तिच्याकडे फोनच नव्हता. ती दोनदा परत गेली होती. तिसऱ्यांदा दारातूनच ओरडली, "लस हाय का न्हाय ते आधी सांग, मंग पायरी चढतंय." लस होती. काकांनी बसल्या जागेवरून दोन्ही हात जोडले. त्या दिवशी तिच्या ओळीत त्यांनी दोन खुणा केल्या.

शेठची सून एकदा त्यांच्या नातवाला घेऊन आली. पेटी नुकतीच आलेली, फोन चालू होते. काकांनी वही बघून सांगितलं, "तुमचा नंबर नववा. चहा घेणार?" सुनेने सासऱ्यांना फोन लावला. शेठनी काकांना फोनवर बरंच काही ऐकवलं. काका ते उभं राहून ऐकत होते, कारण 'नाही' म्हणायचं होतं. नातवाला नववीच लस मिळाली. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. नोकरी दोघांची होती, हट्ट एकट्याचा.

आणि या माणसाचा स्वतःचा नंबर मात्र हलत नव्हता. खुब्याचा सांधा बदलायला मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांनी नाव घातलं होतं. खाजगीत करायचं तर खोली विकावी लागली असती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रजा टाकून ते तिकडच्या खिडकीवर जायचे. खिडकीशेजारी यादी लावलेली असायची. ती ते एका कागदावर उतरवून आणायचे आणि आधीच्या महिन्याच्या कागदाशी पडताळून बघायचे. एका महिन्यात छत्तिसावे होते, पुढच्या महिन्यात एकोणचाळिसावे.

"असं कसं, काका? मागे कसे गेलात?"

"मधे तिघं शिरली. पत्रवाली." कोणाचं तरी शिफारसपत्र घेऊन येणाऱ्यांना ते पत्रवाले म्हणायचे. "मी खिडकीवर विचारलं. म्हणाले, यादी नियमानुसार आहे. उत्तर मिळालं."

त्या खिडकीवर त्यांची एका बाईशी ओळख झाली होती. वरसाव्याची. घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाळेत खिचडी शिजवायची. तिचाही खुबाच, डावा. ती यादीत काकांच्या बरीच पुढे होती. दोघं बाकावर बसून चहा प्यायची आणि कागद पडताळून बघायची. दर वेळी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, काकांकडून मला तिची बातमी मिळायची. वरसाव्याच्या बाई आता चौदाव्या. वरसाव्याच्या बाई अकराव्या. स्वतःचा नंबर सांगताना ते कधी इतके खूश झाले नाहीत.

मग तो प्रश्न आला.

एका पहिल्या सोमवारी, म्हणजे काका नसताना, दुपारी एकच्या सुमाराला मोबाइलवर आरोग्य खात्याचं एक पत्र आलं. 'संसदीय प्रश्न. अत्यंत तातडीचे. आज तीन वाजेपर्यंत.' कुठल्याशा खासदारांनी, आमच्या भागातले नव्हते, लसींचा तुटवडा आणि रुग्णालयांतल्या प्रतीक्षायाद्या यांवर प्रश्न विचारला होता. आम्हाला एवढंच कळवायचं होतं की मागच्या तीन महिन्यांत किती लाभार्थी लसीविना परत गेले. त्या तीन महिन्यांत आमच्याकडे लस बरेचदा नव्हती. वही माझ्या हातापासून दोन फुटांवर होती. डॉक्टर निघून गेलेले. मी शेठना फोन केला.

"नील लखी नाखो ने, बेन," शेठ म्हणाले. "बधा एज लखे छे. आपडे शू काम वच्चे पडवानू?" सगळे तेच लिहितात, आपण कशाला मध्ये पडायचं, म्हणून.

मी 'निरंक' लिहिलं. सही केली, शिक्का मारला, फोटो काढून पाठवून दिला. खरं सांगायचं तर शेठचं नुसतं निमित्त होतं. आकडा लिहिला असता तर कोणीतरी तपासायला आलं असतं, कागद मागितले असते, लसीचं केंद्रच बंद केलं असतं, असं सगळं माझ्या डोक्यात आलं. मी घाबरले. निरंक हा फार सोयीचा शब्द आहे. तो लिहिला की पुढे कोणी काही विचारत नाही.

मंगळवारी काकांनी फाइलमधला कागद पाहिला. ओरडले नाहीत. म्हणाले, "सिस्टर, आपल्याकडून तीन महिन्यांत कोणीच परत गेलं नाही म्हणे."



त्यांनी वही उघडली, उठून उभे राहिले आणि वाचायला लागले. नाव, गाव, कशासाठी आले. नाव, गाव, कशासाठी आले. तीन महिन्यांची सगळी पानं. मी म्हटलं, "काका, पुरे, चुकलं माझं, बसा आता." थांबले नाहीत. औषधाला आलेली दोन माणसं दारात तशीच उभी राहिली. शेवटच्या पानापर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि टेबलाची कड धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती. वाचून झाल्यावर बसले आणि दारातल्या माणसाला म्हणाले, "हां, बोला." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, फोन नंबरांवर पट्ट्या चिकटवल्या आणि त्या खासदारांना पोस्टाने पाठवल्या. सोबतचं पत्र मला वाचून दाखवलं. 'आमच्या केंद्राने कळवलेली माहिती चुकीची असून योग्य माहिती सोबत जोडली आहे.' आमच्या केंद्राने. माझं नाव त्यात नव्हतं.

प्रश्नाची तारीख त्यांनी शोधून काढली. त्या सकाळी मोबाइल बाटलीला टेकला. आमचा प्रश्न बराच खाली होता, आणि तासाभरात तितके प्रश्न होत नाहीत असं काका आदल्या दिवसापासून सांगत होते. पण वरचे दोन-तीन विचारणारे गैरहजर निघाले आणि आमचा नंबर लागला. मंत्री उठले. खालून आलेल्या माहितीनुसार असं काही निदर्शनास आलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खालून म्हणजे माझ्याकडून. माझं निरंक कुठे कुठे बेरजेत पडत दिल्लीला पोचलं होतं. मग ते खासदार पुरवणी प्रश्नाला उठले. हातात कागद होते. म्हणाले, "भयंदर नाम की एक जगह है," आणि तिथल्या एका दवाखान्यात अशी अशी एक वही आहे. मंत्री पुन्हा उठले. माहिती मागवून सभागृहाच्या पटलावर ठेवू म्हणाले. पुढचा प्रश्न.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आश्वासन दिलं." काकांनी मोबाइल उचलून खिशात टाकला. "भाईंदर म्हणता आलं नाही त्याला. पण पुरवणी चांगली होती."

दोन अधिकारी येऊन वही बघून गेले. केंद्र बंद झालं नाही. पुढच्या महिन्याच्या छापील नमुन्यात मात्र एक रकाना वाढला, 'परत गेलेले'. काका तो भरताना नव्या वर्गात बसलेल्या मुलासारखे खांदे ताठ करून लिहायचे.

मग एक दिवस खासदारांच्या सचिवाचा फोन आला. गोड माणूस, मराठी. साहेब फार खूश आहेत, तुमचं काही काम असेल तर सांगा. मी शेजारीच होते. काकांना बोलता बोलता विचारून विचारून त्याने खुब्याचं काढून घेतलं. "अहो मग साहेबांचं पत्र देतो की. पंधरा दिवसांत नंबर लागेल."

काका उभे राहिले. फोनवरच्या माणसाला ते दिसणार नव्हतं. "तुमच्या साहेबांनी प्रश्न काय विचारला होता, आठवतो का? यादी एवढी का लांबते. मग त्यांना सांगा, पत्रं देऊ नका. एवढंच काम आहे माझं." आणि फोन ठेवला.

मला पटलं होतं. सभागृहात टाळी वाजवावी इतकं पटलं होतं. पण त्यानंतर महिनाभराने काका लसीची पेटी घेऊन येताना दवाखान्याच्या पायरीवर पडले. पेटी छातीशी धरलेली, तिला काही झालं नाही. उठवायला तिघं लागलो. त्यांच्या तोंडातून आवाज निघाला तो मी बाळंतपणाच्या खोलीत ऐकलाय, पुरुषाच्या तोंडून कधी नाही. त्यानंतर ते वॉकर घेऊन यायला लागले आणि तरीही 'नाही' म्हणायला उठायचे. उठताना डोळे मिटून घ्यायचे. यादीत एकोणचाळीसाचे एक्केचाळीस झाले.

मी त्या सचिवाला फोन केला. दवाखान्याच्या फोनमध्ये नंबर होता. काकांना सांगू नका म्हटलं. तो म्हणाला, "ताई, काम झालं समजा." एक अर्ज लिहून द्यावा लागला, नातेवाइकाच्या जागी मी सही केली. काकांना कळलं तर ते परत घरी येतील, एवढीच मला भीती होती.

तीन आठवड्यांत रुग्णालयातून फोन आला. काकांनी पेढे वाटले. शेठनासुद्धा दिला. "यादी हलली, सिस्टर. विचारलं की हलतं." मी पेढा खाल्ला. तो मला गोड लागला, हेही सांगते. खोटं का बोलू? त्यांचं दुखणं थांबणार होतं आणि ते मी केलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. पुतण्या येऊन राहिला. तीन महिन्यांनी काका कामावर आले, आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय. गल्लीतून ताठ चालत येताना दिसले तेव्हा पानवाल्यानेही हात वर केला. त्याच आठवड्यात लस संपली. एक बाई मूल घेऊन समोर आली. मी बघत होते. आता हा माणूस कसा टणकन उभा राहील ते मला बघायचं होतं.

काका बसूनच म्हणाले, "आज लस शिल्लक नाही. तुमचं नाव लिहून घेतो."

दुसरी आली, तिसरी आली. बसूनच. मी चेष्टेने म्हटलं, "काय काका, आता पाय बरा झाला तर मंत्रिपद सोडलं का?"

"उत्तर बसूनही देता येतं," ते म्हणाले आणि वहीत मान घातली.

डॉक्टरांनी सांगितलं असेल असं मी धरून चालले. प्रश्नोत्तराचा तासही त्यांनी बंद केला. मोबाइल खिशातच असायचा. पहिल्या सोमवारची रजा मात्र चालूच होती. तपासणीला जात असतील, असं मला वाटायचं. मंगळवारी वरसाव्याच्या बाईंची बातमी मिळेनाशी झाली होती, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

निवृत्त झाले त्या दिवशी फ्रीजची किल्ली शेठना दिली आणि वही मला. "एक रकाना मोकळा राहिलाय. बघा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी रोह्याची गाडी.

वही मी घरी आणली. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वस्तीतल्या माझ्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून पान पान बघत गेले. सगळीकडे लाल खुणा. शेवटाकडच्या एका पानावर एक ओळ मोकळी होती. तारीख काकांच्या ऑपरेशनच्या दिवसाची. नावाच्या रकान्यात एका बाईचं पूर्ण नाव. गाव, वरसावे. कशासाठी आले, डावा खुबा. का परत गेले, या रकान्यात काकांच्या बारीक अक्षरात तीन शब्द होते. 'मी पुढे गेलो.'

म्हणजे दाखल होतानाच त्यांना कळलं होतं. फाइलला लावलेलं पत्र त्यांनी वाचलं असणार, हा माणूस औषधाच्या डब्यावरचं बारीक छापीलही वाचायचा. सोबतच्या अर्जावर माझी सहीही दिसली असणार. तेव्हा ते घरी परत आले नाहीत. दुखणं सहन होईना आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर गेले. त्याबद्दल मी त्यांना काय बोलणार? पण त्यांनी ती ओळ स्वतःच्या नावावर लिहिली. 'आमच्या केंद्राने' लिहिलं होतं तसंच. दोन्ही वेळा लिहायला हवं होतं ते नाव माझं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते लिहिलं नाही. मी त्या जेवणाच्या टेबलावर बसून पुष्कळ रडले.

पुढच्या पहिल्या सोमवारी मी रजा टाकली. रुग्णालयाच्या खिडकीशेजारची यादी वाचली. वहीतलं ते नाव दुसऱ्या नंबरवर होतं. बाकावर साठीच्या आतबाहेरची एक बाई डावा पाय लांब करून बसली होती, हातात घडी केलेला कागद. मी शेजारी बसले आणि वरसाव्याच्या का म्हणून विचारलं.

"हो. तुम्ही कोण?"

"काकांच्या दवाखान्यातली सिस्टर."

तिचा चेहरा फुलला. "काका नाय आले? दर पहिल्या सोमवारी येतात ना. स्वतःचं झालं तरी माझ्यासाठी येतात बिचारे." मग कागद उलगडत सांगायला लागली, "माझा तर तवाच नंबर होता बघा. तारीख पण दिलेली. सकाळी आले तर बोलले, आज नाय, दुसरा पेशंट घेतला. मग माझी साखर वाढली, मग तारीखच गेली. कोण मधे घुसलं काय माहीत. खिडकीवर विचारलं तर सांगत नाय. काकांना विचारलं, ते पण काय बोलत नाय, नुसतं खाली बघतात. सिस्टर, तुम्ही दवाखान्यातल्या. तुम्हाला काय म्हायती हाय का?"

मी बाकावरून उठून उभी राहिले.